वर्गात शिकवतो ते आजचं आहे का? सामाजिक शास्त्रं आणि बालहक्क धोरणाची माहिती अद्ययावत कशी ठेवावी



आज एक छोटं काम करा. तुमच्या वर्गाच्या भिंतीवर भारताचा जो नकाशा आहे, त्यातली राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश मोजा. २९ राज्ये आणि ७ केंद्रशासित प्रदेश आले, तर तो नकाशा २०१४ ते २०१९ या काळातला आहे. २८ राज्ये आली तर लगेच खूश होऊ नका, आधी त्यात तेलंगण शोधा. तेलंगण २ जून २०१४ ला झालं, त्याआधीही राज्ये २८ च होती. ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीर आणि लडाख हे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आले. म्हणून आज २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत.

गणितातला पाढा बदलत नाही. परिसर अभ्यास, इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल यांतली माहिती मात्र बदलत राहते. आणि मुलांविषयीचे कायदे व नियम तर त्याहून लवकर बदलतात. आपण डी.एड.ला शिकलो तेव्हाची माहिती घेऊन आजच्या वर्गात उभं राहिलो तर काय होईल? नकाशा चुकला तर एक मार्क जाईल. पण नियम चुकला तर एखादं मूल शाळेच्या दारातूनच परत जाईल. म्हणून हा लेख.

आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात

आपलं पावणे ठाणे तालुक्यात, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, टीटीसी औद्योगिक पट्ट्यात आहे. एका बाजूला मूळचं आगरी-कोळी गाव, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीच्या कंपन्या, आणि मागे डोंगराची रांग. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ला अस्तित्वात आली. म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांनी याच जागी ग्रामपंचायत पाहिली, आणि नातवंडं महापालिका शिकतायत. 'स्थानिक शासन' या पाठाला यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकाबाहेर शोधायला नको.

आता ठाणे जिल्हा बघा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा नवा जिल्हा झाला आणि महाराष्ट्रात ३६ जिल्हे झाले. जुन्या ठाणे जिल्ह्यातले आठ तालुके, म्हणजे वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा, तिकडे गेले. ठाण्याकडे सात राहिले: ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर.

यात एक गोम आहे. शेवटची जनगणना २०११ ची. त्यात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून जास्त दिसते. हा आकडा पालघरसह अविभाजित ठाणे जिल्ह्याचा आहे. तो आजच्या सात तालुक्यांच्या नकाशाशेजारी लिहिला, तर आकडाही बरोबर, नकाशाही बरोबर, आणि दोन्ही मिळून चूक! म्हणून कुठलाही आकडा फळ्यावर लिहिताना त्याच्यापुढे कंसात वर्ष लिहायची सवय लावून घ्या. मुलांनाही लावा.

अशा बदलांची यादी आपण मुलांकडूनच करून घेऊ शकतो. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आता धाराशिव, अहमदनगर आता अहिल्यानगर. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ ला घेतला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातले ११ महाराष्ट्रातले, आणि एक, जिंजी, तमिळनाडूतला. शिवडी ते न्हावा-शेवा जोडणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास शिकवताना जिंजीचा हा संदर्भ दिला की मुलांचे कान कसे टवकारतात ते बघाच.

कागद कुठला आहे ते आधी ओळखा

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काही ना काही येतं. 'नवीन नियम लागू', 'सर्व शाळांना आदेश', 'तातडीचे'. वाचायच्या आधी एकच प्रश्न विचारा: हा कागद कुठल्या पायरीवरचा आहे?

१. विधेयक – कायद्याचा प्रस्ताव. सभागृहात मांडला म्हणजे कायदा झाला असं नाही.

२. अधिनियम – मंजूर झालेला कायदा. उदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९. हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपण याला आरटीई म्हणतो.

३. नियम – कायदा अमलात कसा आणायचा याची तपशीलवार मांडणी. हे राजपत्रात अधिसूचना काढून येतात. आरटीईचे महाराष्ट्राचे नियम २०११ चे आहेत.

४. शासन निर्णय – आपला रोजचा जीआर.

५. परिपत्रक – आधीच असलेल्या निर्णयाबाबत सूचना किंवा खुलासा.

६. शुद्धिपत्रक – आधीच्या कागदातली चूक दुरुस्त करणारा कागद. हा नेमका कुणी फॉरवर्ड करत नाही!

खालच्या पायरीवरचा कागद वरच्या पायरीच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. हे सूत्र लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ संपतो.

पहिल्या पायरीचं उदाहरण घ्या. मुलींच्या लग्नाचं किमान वय १८ वरून २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते स्थायी समितीकडे गेलं, मंजूर झालं नाही आणि १७ वी लोकसभा संपल्यावर व्यपगत झालं. तरीही 'आता वय २१ झालं' असं आजही कितीतरी जण ठामपणे सांगतात. मुलीचं १८ आणि मुलाचं २१, हाच आजचा कायदा आहे.

एक खरीखुरी घटना: २५ टक्के प्रवेश

वरचं सूत्र समजून घ्यायला आपल्याच राज्यातलं २०२४ सालचं उदाहरण पुरेसं आहे.

आरटीईच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियमांत बदल केला. एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी विनाअनुदानित शाळेला या २५ टक्क्यांतून सूट मिळणार होती. पालक व संस्था न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला. मूळ कायद्यात अशी अट नाही, मग नियम करून ती आणता येणार नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाच्या निकालात हस्तक्षेप केला नाही.

आता विचार करा. फेब्रुवारीत एखाद्या शिक्षकाने बातमी वाचली आणि पालकांना सांगितलं, "ताई, आता खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळत नाही." ती माहिती त्या दिवशी खरी होती. पण त्याच शिक्षकाने ऑगस्टमध्ये तेच सांगितलं, तर त्या कुटुंबाचा हक्क बुडाला. बातमी एकदा वाचून भागत नाही. तिचं पुढे काय झालं हे बघावं लागतं.

तिसऱ्या भाषेचंही तसंच झालं. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, त्यात बदल करणारा १७ जूनचा शासन निर्णय, आणि २९ जूनला दोन्ही रद्द केल्याची घोषणा व डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती. अडीच महिन्यांत तीन वळणं! कोणाचं मत काय, तो वेगळा विषय. पण पालक सभेत उभं राहून बोलायचं असेल, तर आपल्या हातातला कागद यातला कितवा आहे हे माहीत हवं.

शासन निर्णय कसा वाचायचा?

बरेच जण जीआरचं पहिलं पान आणि शेवटची सही बघून पुढे पाठवतात. त्याऐवजी हा क्रम ठेवा.

वर विषय, क्रमांक आणि तारीख असते, ती आधी टिपून घ्या. त्याखाली 'वाचा' किंवा 'संदर्भ' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. या यादीवरून आपल्याला कळतं की हा विषय कुठून सुरू झाला. मग 'प्रस्तावना', म्हणजे हा निर्णय का घेतला. त्यानंतर मुख्य 'शासन निर्णय'. त्यात 'अधिक्रमित करण्यात येत आहे' असे शब्द शोधा. अधिक्रमित म्हणजे जुना निर्णय बाजूला सारून त्याची जागा नव्याने घेतली. हे शब्द असतील, तर आपल्या फाइलमधल्या जुन्या प्रतीवर लाल पेनाने 'रद्द' लिहून टाका. शेवटी 'संगणक संकेतांक' असतो. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर हा संकेतांक टाकून मूळ प्रत शोधता येते. तिथे सापडली नाही, तर तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका. इतकं साधं आहे.

ऑगस्टमध्ये आलेलं मूल

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ या. आपल्या भागात कामासाठी लोक कुठून कुठून येतात, ते तुम्हाला सांगायला नको. कंपनीतला ठेका, इमारतीचं बांधकाम, नाका कामगार. काम संपलं की बिऱ्हाड हलतं आणि मुलाची शाळा मध्येच सुटते.

समजा, ऑगस्ट महिन्यात एक आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन शाळेत आली. जन्मदाखला गावाला, आधार कार्ड नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही, आणि मुलीला जेमतेम अक्षरओळख. काय कराल?

कायदा काय म्हणतो ते बघा.

– कलम ४: कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश. म्हणजे ही मुलगी साधारण चौथीत बसेल, पहिलीत नाही. आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी तिला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे.

– कलम ५: आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश लांबवायचं किंवा नाकारायचं कारण होऊ शकत नाही.

– कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

– कलम १५: प्रवेशाची मुदत संपली तरी प्रवेश नाकारता येत नाही.

– आधार: सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही.

ऑनलाइन पोर्टलवर माहिती भरताना अडचण येते, हे मान्य. ती कार्यालयीन अडचण आहे, ती आपण मुख्याध्यापकांमार्फत पाठपुरावा करून सोडवायची. तिचा भार त्या मुलीवर टाकायचा नाही. "कागद घेऊन या, मग बघू" असं म्हटलं की बहुतेक वेळा ती आई परत येत नाही. कारण परत यायला तिचा एका दिवसाचा खाडा होतो.

आकडे वाचताना

सामाजिक शास्त्रांची साधनं म्हणजे फक्त पुस्तकं नाहीत, सर्वेक्षणंही आहेत. पण प्रत्येक सर्वेक्षण कुणाला मोजतं आणि कुणाला मोजत नाही, हे कळलं पाहिजे.

'असर' अहवाल २००५ पासून येतो. मुलांना वाचता येतं का, साधी गणितं येतात का, हे घरोघर जाऊन तपासतात. पण हे सर्वेक्षण ग्रामीण भागाचं आहे. म्हणून 'असर'चा आकडा नवी मुंबईच्या मुलांना लावता येणार नाही.

यू-डायसमध्ये शाळांची आणि पटावरच्या मुलांची माहिती असते. जे मूल पटावर नाही, ते त्यात दिसणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण २६.३ टक्के होतं. म्हणजे घट आहे. पण लक्षात घ्या, ही लग्नं सर्वेक्षणाच्या आधी कित्येक वर्षांत झालेली आहेत. 'यंदा इतकी बाललग्नं झाली' असा त्याचा अर्थ काढायचा नाही.

आता वरच्या मुलीकडे परत बघा. ती शहरात राहते, म्हणून 'असर'मध्ये नाही. पटावर नाही, म्हणून यू-डायसमध्ये नाही. २०११ च्या जनगणनेच्या वेळी तिचा जन्मही झाला नव्हता. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर ती कुठल्याच मोठ्या मोजणीत नाही. ती फक्त आपल्या शाळेच्या दारात उभी आहे. तिला 'आत ये' म्हणणारी पहिली व्यक्ती आपणच.

'मूल' म्हणजे किती वर्षांचं?

हा प्रश्न सभेत हमखास येतो. उत्तर कायद्याप्रमाणे बदलतं.

आरटीईत ६ ते १४ वर्षे. बाल व किशोरवयीन कामगार कायद्यात १४ च्या आतलं ते बालक आणि १४ ते १८ चं ते किशोरवयीन. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ च्या आतल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत आणि बालकलाकार, एवढे अपवाद. किशोरवयीनांना धोकादायक कामांना बंदी. पॉक्सो कायदा २०१२ आणि बाल न्याय कायदा २०१५ यांत मात्र १८ पर्यंत मूलच.

मुलांना गंमत वाटेल असं सांगा: १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांच्या आतल्या मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी केली. म्हणजे सात वर्षांचं मूल गिरणीत चालत होतं! १८९१ मध्ये ते वय नऊ झालं. आज आपल्या शाळेतून एमआयडीसीच्या चिमण्या दिसतात आणि पहिली-दुसरीची मुलं वर्गात बसलेली असतात. हे आपोआप झालेलं नाही, त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचे बदल आहेत. नागरिकशास्त्र याहून जिवंत कसं शिकवणार?

सुरक्षेचे नियम: हे तोंडपाठच हवेत

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बदलापूरला जे घडलं, त्यानंतर शाळांतल्या सुरक्षेवर पुन्हा शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. यातली सखी सावित्री समिती नवी नाही, तिचा निर्णय मार्च २०२२ चा आहे. निर्णय फाइलमध्ये असणं आणि शाळेत असणं यात फरक असतो.

दोन गोष्टी पक्क्या ठेवा. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'आधी आपण चौकशी करू, शाळेचं नाव खराब होईल' ही सबब कायद्यात नाही. न कळवणं हा गुन्हा आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे.

दुसरं म्हणजे १०९८. ही मुलांसाठीची मोफत, चोवीस तासांची हेल्पलाइन. तिची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत, आपल्या खाडीपलीकडच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून झाली. २०२३ पासून ती केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली शासनामार्फत चालते आणि ११२ शी जोडली गेली. चालवणारी यंत्रणा बदलली, क्रमांक तोच राहिला. तो प्रत्येक वर्गात मुलांच्या उंचीवर लिहा, मोठ्यांच्या उंचीवर नको.

वाचायचं काय आणि वेळ कुठून आणायचा?

तुम्ही म्हणाल, "सर-मॅडम, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, परीक्षा, यातून वेळ कुठंय?" खरं आहे. म्हणून महिन्यातून एक तास, एवढंच ठरवा.

पहिली वीस मिनिटं: राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शालेय शिक्षण विभाग आणि महिला व बालविकास विभाग निवडून त्या महिन्याच्या निर्णयांचे फक्त विषय वाचा. बालकांचे बरेच निर्णय दुसऱ्या विभागाचे असतात आणि आपल्या ग्रुपवर येतच नाहीत.

पुढची वीस मिनिटं: एक मासिक. एससीईआरटीचं 'जीवन शिक्षण', राज्य मंडळाचं 'शिक्षण संक्रमण', पुण्याहून १९८७ पासून निघणारं 'पालकनीती', किंवा सामाजिक शास्त्रांत खोल जायचं असेल तर 'समाज प्रबोधन पत्रिका'. मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' आहेच, ते १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात.

शेवटची वीस मिनिटं: आपली वही. प्रत्येक पानावर चार रकाने करा: जुनी माहिती, नवी माहिती, तारीख, मूळ कागद कोणता. शाळेत चार शिक्षक असतील तर विभाग वाटून घ्या. म्हणजे प्रत्येकाला फक्त पंधरा मिनिटं.

जुनी साधनं टाकून द्यायची असाही अर्थ नाही बरं का. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर आजही उपयोगी आहे. त्यातली मिठागरं, बंदरं, गावं बघून मुलांना 'तेव्हा आणि आता' दाखवता येतं. जुना स्रोत इतिहास म्हणून वापरायचा, आजची माहिती म्हणून नाही.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. घरातल्या आजी-आजोबांना विचारा: तुमच्या लहानपणी या जागी काय होतं? कारभार कोण बघायचं?

२. वर्गातल्या जुन्या नकाशात आज बदललेल्या पाच गोष्टी शोधा.

३. बालहक्कांची संहिता संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ ला स्वीकारली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ ला ती मान्य केली. तिच्यातले जगणं, विकास, संरक्षण आणि सहभाग हे चार गट घेऊन प्रत्येकाचं एक चित्र काढा.

या संहितेच्या कलम ४२ मध्ये म्हटलंय की हे हक्क मोठ्यांना आणि मुलांनाही माहीत करून द्यायचे. ती जबाबदारी सरकारची. पण सरकारच्या वतीने मुलांसमोर रोज उभं राहणारं कोण? तुम्ही आणि मी.

तेव्हा वही आजच आणा. पहिल्या पानावर काय लिहिलंत ते शाळेतल्या सहकाऱ्यांनाही दाखवा.